चढणीवरचा ठोका

४ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तू ते वहिनीला मोठ्याने वाचून दाखवशील आणि दोघं मिळून हसाल, म्हणून नुसतं दादा. फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला की निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. वहिनी म्हणाली, "कागदावर लिहा. कागद ते फाडायच्या आधी वाचतात." म्हणून हा कागद. ती तो तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या हातापाया पडले.

त्या दिवशी आईकडे मी चुकीच्या वेळी तोंड उघडलं. ताटं वाढलेली असताना माणसाला त्याच्या हृदयाबद्दल काही सांगू नये. पण सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि तू मला पुरतं बोलूही दिलं नाहीस. खुर्ची मागे ढकललीस, "शहाणे, तू तुझ्या कॉम्प्युटरमध्ये बघ, माझ्यात नको" म्हणालास आणि चपला हातात घेऊनच जिना उतरलास. आई अजून विचारते, त्याने अर्ध्यावर जेवण का टाकलं.

आता पुरतं सांगते. मागच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेला धडधाकट माणसांची हृदयं हवी होती, तेव्हा तू आपणहून आलास. एमआरआयच्या बोगद्यात शिरताना म्हणालास, "मला हृदय आहे असा कागद मिळेल ना? तुझ्या वहिनीला दाखवायचाय." त्या फोटोंवरून मी तुझं हृदय कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. बारीक बारीक तुकड्यांची जाळी, लाखो तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यातून आत-बाहेर होणाऱ्या क्षारांचं गणित. वरच्या कोपऱ्यात ठिणगी पडते. ती लाट वरच्या कप्प्यांतून पसरते, मध्ये एका गाठीपाशी जरा थबकते आणि तंतूंच्या एका जुडीतून खाली उतरते. जुडीला दोन फांद्या, उजवी आणि डावी. विजेच्या लाइनवर काम करणाऱ्या आपल्या बाबांच्या भाषेत, एक मुख्य लाइन आणि पुढे दोन फाटे.

तुझा उजवा फाटा बंद आहे. डावा दमलेला आहे. बसल्या जागी तो कसंबसं निभावून नेतो, म्हणून बांधकामाच्या साइटवरचे डॉक्टर तुला खुर्चीत बसवून ईसीजी काढतात आणि 'थोडा फरक, कामास हरकत नाही' असं लिहून देतात. मी मॉडेलमध्ये ठोके वाढवत नेले. चढणाऱ्या माणसाचे होतात तेवढे. लाट जुडीपर्यंत आली आणि खाली उतरलीच नाही. वरचे कप्पे धडधडताहेत आणि खालचे स्वस्थ. पुढची लाट आली, तीही अडली. त्याच्या पुढचीही.

तू रोज सकाळी क्रेनची शिडी चढतोस, दादा. वर केबिनमध्ये एकटा असतोस. आणि वहिनी सांगते, हल्ली दोनदा तू नळाशी भिंत धरून उभा होतास.

बाबांचं नाव मी त्या दिवशी काढायला नको होतं, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. पण ते पुढच्या वेळी.

तुझी,
शहाणी

९ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणते, पत्र तू न्हाणीघरात नेऊन वाचलंस आणि बाहेर येऊन "साबण संपलाय" एवढंच बोललास. चला, पोहोचलं तर खरं.

माझा पाय एका जागी ठरत नाही. खुर्चीत बसते, उठते, खिडकीशी जाते. आमच्या खिडकीतून लांब एक क्रेन दिसते. ती तुझी नाही हे ठाऊक आहे, तरी तिचा हात वळला की माझा जीव भांड्यात पडतो, आणि जेवणाच्या सुट्टीत ती थांबली की परत घशाशी येतो. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "तू बसतेस, की तुला खुर्चीला बांधू?"

तुला वाटत असेल, शहाणीने आकडे घातले, बटण दाबलं आणि निकाल लावला. तसं नसतं रे. हे तंतू इतके बारीक की फोटोत दिसतच नाहीत. आम्ही ते अंदाजाने बसवतो आणि मॉडेलचा ईसीजी खऱ्या ईसीजीशी जुळेपर्यंत हलवत राहतो. म्हणजे माझी चूक होऊ शकते. या आठवड्यात तर मी मुद्दाम स्वतःची चूक शोधत बसलेय. सोडियमचा प्रवाह थोडा वाढवला की अडथळा जातो. डावा फाटा जरा जाड धरला तरी जातो. मी खूश होते. मग तुझा खरा ईसीजी शेजारी ठेवते, तर जुळत नाही. जुळवायला घेतलं की अडथळा परत हजर.

शेवटी आमच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, "मॉडेल म्हणजे निदान नव्हे. आपण डॉक्टर नाही. आणि हा तुझा भाऊ आहे, म्हणजे तू तर मुळीच नाहीस."

"मग ज्याला कळलंय त्याने करायचं काय?"

"त्याला तपासणीला पाठवायचं. बाकी कुणापाशी ब्र काढायचा नाही. लोक आपल्यावर विश्वास ठेवून आपलं हृदय देतात."

आमच्याबरोबर काम करणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "यांना ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून बघायला हवं. आणि एक बारीक तार आत घालून त्या जुडीपाशी काय चाललंय ते ऐकायला हवं. अर्ध्या दिवसाचं काम आहे." मग विचारलं, "वडील कशाने गेले?"

"विजेच्या खांबावरून पडून. लाइनमन होते."

"शॉक लागून?"

"सगळे तसंच म्हणतात."

"अंगावर भाजल्याची खूण होती?"

मी तेव्हा एवढीशी होते. तू मोठा होतास, तू त्यांना पाहिलंस. होती का रे खूण?

बाई म्हणाल्या, "हे घराण्यात उतरतं. तुझं कधी तपासलंस?" मी म्हटलं, आधी भावाचं बघू. मग आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

अर्धा दिवस, दादा. रविवारीही करतील म्हणाल्या.

शहाणी

१५ फेब्रुवारी

दादा,

फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड. मी खटकेवाल्या काकांकडे जाऊन आले.

हे नाव तुझ्यासमोर कुणी घेत नाही, म्हणून मी कधी घेतलं नव्हतं. पण बाबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तेच एकटे होते. रस्त्यावरचा खटका पाडून लाइन बंद करणं त्यांचं काम, खांबावर चढणं बाबांचं. त्यांनी खटका पाडलाच नाही आणि बाबा जिवंत तारेला चिकटले, हे मी शाळेत जाण्याआधीपासून ऐकतेय. चौकशीत तू भरल्या खोलीत त्यांच्याकडे बोट दाखवलंस. चौकशीने त्यांना सोडलं, आपण नाही सोडलं.

आता ते एका जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. मधल्या मजल्यावर मला जरा टेकावं लागलं, उन्हातून गेले होते म्हणून असेल. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगितलं. तशी ती आत वळून म्हणाली, "अहो, त्यांची मुलगी आलीय." 'त्यांची' म्हणजे कोणाची, हे त्या घरात विचारावं लागत नाही.

काका बाहेर आले. वाळून गेलेत. मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले, साहेबासमोर राहावं तसे. मला लाज वाटली. मी म्हटलं, "काका, भांडायला नाही आले. काय झालं तेवढं सांगा."

"सांगितलं होतं, बाळ. तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

मग ते बसले. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

"मी खटका पाडला. कुलूप घातलं. किल्ली तुझ्या वडिलांच्या हातात दिली, कारण तशी त्यांची सवय होती. चढायच्या आधी किल्ली खिशात. मग मी खांबाखाली येऊन उभा राहिलो. ते चढायला लागले. नेहमी सरसर चढायचे, खारीसारखे. त्या दिवशी अर्ध्यावर थांबले. तारा अजून बऱ्याच वर होत्या. त्यांनी खांबाला कपाळ टेकलं. मी ओरडलो, 'काय झालं?' त्यांनी खाली न बघता हात हलवला, जरा थांब म्हणून. मग तो हात लोंबकळायला लागला. मला वाटलं, दमलेत. आणि ते सुटले. कमरेचा पट्टा अजून लावायचा होता, पट्टा वर पोहोचल्यावर लावतात. बाळ, ते तारेपर्यंत पोहोचलेच नव्हते."

मी विचारलं, "हे तुम्ही चौकशीत सांगितलंत?"

"सांगितलं. सायबांनी लिहून घेतलं. पण खांबावरून लाइनमन पडला म्हटल्यावर लोक काय म्हणणार? माणूस उगाच कपाळ टेकून मरतो, यावर कोणाचा विश्वास बसणार? माझाही बसत नव्हता. कित्येकदा वाटलं, आपणच काहीतरी विसरलो असू."

त्यांची बायको दाराच्या चौकटीत उभी होती. म्हणाली, "त्यानंतर यांनी घरातला दिव्याचा बल्बसुद्धा बदलला नाही. मी बदलते."

मी त्यांना तुझ्या हृदयाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. सांगायचा मला अधिकार नाही. फक्त म्हटलं, माणसाचं हृदय चढताना असं थांबू शकतं, काही घराण्यांत थांबतं, मी त्यावरच काम करते. "म्हणजे त्यांना त्रास नाही झाला?" एवढंच त्यांनी विचारलं. स्वतःबद्दल काही नाही.

दादा, तू इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरलास, त्या रागाच्या जागी आता काय ठेवायचं, हे मला कळत नाही. तुलाही कळणार नाही. पण शिडीवर कधी थांबावंसं वाटलं, शिडीला कपाळ टेकावंसं वाटलं, तर ते दमणं समजू नकोस. तिथल्या तिथे बस. मिळेल त्या फळीवर बस.

शहाणी

१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू पत्र वाचलंस आणि म्हणालास, "तिला सांग, त्या माणसाचा उंबरठा ओलांडला तिने, आता या घराचा ओलांडायचा नाही." बरं. नाही ओलांडत. छोटीला मात्र सांगू नकोस की आत्या वाईट आहे. गावाला गेलीय म्हण.

काल मी तुझ्या साइटबाहेर उभी होते. पत्र्याच्या कुंपणाला एक भोक आहे, त्यातून बघत होते. तुझ्या क्रेनचा हात लोखंडी सळ्यांचा भारा उचलून फिरवत होता, आणि खाली माणसं हिरव्या पिवळ्या टोप्या घालून इकडून तिकडे करत होती. कुणी वर बघत नव्हतं. क्रेन चालवणाऱ्यावर माणसं किती निर्धास्त असतात! चौकीदाराने विचारलं, "कोणाकडे काम आहे?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही," आणि पळाले.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तुझा जीव तुझा आहे असं तू म्हणशील, आणि त्यावर मी काय बोलू? पण त्या टोप्या तुझ्या नाहीत.

म्हणून हे आधीच सांगून टाकते, तुझ्या पाठीमागे करत नाही. सोमवारपर्यंत तू डॉक्टरीणबाईंकडे गेला नाहीस, तर सोमवारी मी तुझ्या साइटच्या मोठ्या इंजिनिअरना भेटणार. सर मला प्रयोगशाळेतून काढून टाकतील. काढायलाच हवं, त्यांच्या जागी मीही काढलं असतं. दिलेल्या शब्दाला काही किंमत असते. तू जन्मभर तोंड बघणार नाहीस. दोन्ही चालेल असं नाही म्हणत. दोन्ही सोसायची तयारी करतेय.

शिव्या द्यायला तरी फोन कर.

शहाणी

२३ फेब्रुवारी

दादा,

तू ऑपरेशनच्या खोलीत, दाराच्या त्या बाजूला आहेस आणि मी या बाजूच्या बाकावर. आत यायची परवानगी नाही, आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितेय. वहिनी शेजारी बसलीय. तिने माझ्या हातात चहाचा कप दिला होता, तो मी कुठेतरी ठेवला आणि आता सापडत नाही.

सोमवार यायचाच राहिला. त्याआधी तुला खालून इशारे देणारा सिग्नलवाला वहिनीकडे आला, धापा टाकत, टोपी हातात घेऊन. इथे तो तिला पुन्हा सगळं सांगत होता, तेव्हा मी ऐकलं. "वहिनी, साहेब चढत होते. मधल्या फळीवर बसले. ते कधी बसत नाहीत. रेडिओवर मला म्हणाले, 'जरा थांबतोय.' मी म्हटलं, काय झालं? तर 'काही नाही' म्हणाले, आणि मग रेडिओ चालू आणि माणूस गप्प. मी वर पोचलो तर कठड्याला टेकून बसलेले, मान खाली, चेहरा पांढरा. हलवलं तर म्हणाले, 'आलोच.' मग मी त्यांना जागचं हलू दिलं नाही."

त्याने तुला हलू दिलं नाही, म्हणून वाचलास. बसलास म्हणून वाचलास. उभा असतास तर खाली किती मजले होते, ते मी त्याला विचारलं नाही.

वहिनी सांगते, गाडीत तू शुद्धीवर आलास तेव्हा तिचा हात धरून म्हणालास, "शिडीला कपाळ टेकलं मी. मग एकदम आठवलं." आणि तोंड फिरवलंस.

मघाशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. तार आत घालून त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "तू दाखवलं होतंस तिथेच आहे, जरासं खाली. आता पेसमेकर बसवतोय. घाबरू नकोस." मॉडेल बरोबर निघालं की आम्ही प्रयोगशाळेत टाळ्या देतो एकमेकांना. आज टाळी कुणाला द्यावीशी वाटली नाही. चूक निघाली असती, तर किती बरं झालं असतं!

तुला परत क्रेनवर चढू देतील का, कोणी सांगत नाही. सर मघाशी फोनवर म्हणाले, "भावाला खालून चालवायच्या क्रेनबद्दल विचार." त्यांना सगळं कळलंय. मी इंजिनिअरकडे जाणार होते हेही मी सांगून टाकलं. "गेली नाहीस ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही. पण गेले असते." पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाले.

दार उघडतंय. थांब, बघते.

नाही, दुसऱ्याच कुणाचं होतं.

शहाणी

१४ मार्च

शहाणे,

मला लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नाही. तुझी वहिनी समोर बसलीय आणि म्हणतेय, सगळं लिहा. म्हणून सगळं लिहितो.

छातीत डबी बसवलीय, ती हाताला लागते. छोटी रोज सकाळी येऊन बोट लावून विचारते, चार्ज झाली का. डावा हात अजून खांद्याच्या वर न्यायचा नाही. डॉक्टरीणबाई कडक आहेत. वरच्या केबिनचं तीन महिन्यांनी बघू, म्हणाल्या. तोवर इंजिनिअर साहेबांनी मला खाली भाऱ्यांच्या हिशेबाला बसवलंय. जमिनीवरून क्रेन बघायला विचित्र वाटतं. नवा पोरगा फार झटके देतो.

तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं, म्हणून बोललो नाही. अजूनही आहे असं नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. खटकेवाल्या काकांकडे. कोणाला सांगितलं नाही, वहिनीलाही आत्ता कळतंय, बघ कशी बघतेय. जिना चढलो. न थांबता चढलो, दार गाठलं आणि मग अर्धा तास तिथेच उभा राहिलो. बेल वाजवायला हात उचलेना. शेवटी काकूच कचरा ठेवायला बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं. मी लहान असताना जसा त्यांच्या नवऱ्याकडे बघत होतो, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आत या. दारात उभं राहू नका."

काकांना मी काय सांगणार होतो, ते घरून ठरवून गेलो होतो. एकही शब्द आठवला नाही. मी शर्टाचं बटण काढलं आणि ती डबी दाखवली. ते चष्मा लावून जवळ आले. हात लावू का, विचारलं. लावला. म्हणाले, "म्हणजे खटका आत बसवलाय." मी म्हटलं, हो. "आणि हा कोण बंद करणार?" मी म्हटलं, कोणी नाही. मग ते रडायला लागले. मी म्हटलं, "काका, तुम्ही तिला सांगितलंत म्हणून मी फळीवर बसलो. नाहीतर मी चढलोच असतो." त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा फडफडत होता, तो आम्ही दोघांनी मिळून बदलला. स्टूल मी धरलं. चढले ते, मला हात वर करायचा नाही ना.

तू विचारलं होतंस, बाबांच्या अंगावर खूण होती का. नव्हती. मी तेव्हाच बघितलं होतं, कुठेच नव्हती. पण कुणावर तरी राग धरता येत होता, म्हणून मी ते कुणाला बोललो नाही.

आता तुझं. काल टाके दाखवायला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, आमच्या शहाणीचं काय निघालं? त्या म्हणाल्या, तिने कधी तपासलंच नाही, विचारलं की विषय बदलते. वहिनी म्हणते, हॉस्पिटलात तू जिन्यात दोन वेळा टेकलीस, तिने बघितलंय. काकूही म्हणाल्या, तुमची बहीण आली तेव्हा फार धाप लागली होती. उन्हाचं कारण मला सांगू नकोस. साऱ्या जगाची हृदयं उघडून बघतेस आणि स्वतःचं कुलूप लावून ठेवलंस?

मंगळवारी मी छोटीला घेऊन तिच्या तपासणीला येतोय. बाईंकडून तुझीही वेळ घेतलीय, छोटीच्या आधीची. भीती वाटते हे मला माहीत आहे, मला वाटली होती. तू आत जा. मी बाहेर बाकावर बसतो.

दादा